जानकूचा उजवा हात

पारगावच्या साखर कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, उसाच्या दोन फडांच्या मध्ये, जनावरांचा एक बैठा दवाखाना आहे. दारापुढं लोखंडी नळ्यांचा खोडा आहे. जनावर त्यात उभं करायचं, मागून आडवी नळी सारायची आणि तपासायचं. सगळा खोडा गंजलेला, पण बाजूची एक नळी मधोमध घासून चांदीसारखी लखलखते. ती जानकूच्या डाव्या हातानं उजळलेली आहे. जनावर आत आलं, की तो डावा हात त्या नळीवर टेकायचा आणि उजवा जनावराच्या अंगावर ठेवायचा. असं छत्तीस वर्षं चाललं होतं.

कागदोपत्री तो परिचर. झाडलोट करायची, पाणी भरायचं, जनावर धरायचं, एवढंच त्याचं काम. पण अशा दवाखान्यात कामं कागदाप्रमाणं वाटली जात नाहीत. सुया पातेल्यात उकळायच्या काळात तो लागला. मग एकदा वापरून टाकायच्या सुया आल्या, झाकण काढलं की पांढरा धूर सोडणारं कृत्रिम रेतनाच्या कांड्यांचं भांडं आलं, जनावरांच्या कानात पिवळे बिल्ले आले आणि त्या बिल्ल्यांचे बारा-बारा आकडे मोबाइलवर चढवायचे दिवस आले. डॉक्टर येत गेले, बदलून जात राहिले. जानकू तिथंच होता. मूळचा तो मढच्या डोंगरातला, भात-नाचणीच्या घरातला. पण या बागायती मुलखातल्या माणसांना तो परका वाटेनासा होऊन जमाना झाला होता.

त्याच्या उजव्या हाताला गुण आहे असं लोक म्हणत. अडलेलं वासरू त्या हाताला वाट द्यायचं. व्यायल्यावर पडायची राहिलेली वार त्या हातानं अलगद सुटायची. आणि आंबेगावात बटाटा निघू लागला, की आठवड्याला एखादी तरी गाय मान ताणून, लाळ गाळत खोड्यात उभी राहायची. बारका बटाटा न चावता गिळलेला, घशात बसलेला. जानकू तिच्या जबड्यात लाकडी ठोकळा द्यायचा, हात कोपरापर्यंत आत घालायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. थोड्या वेळानं हात बाहेर यायचा तो बटाटा घेऊनच.

हातमोजे दवाखान्यात खोकेच्या खोके भरून होते. जानकू ते इतरांना काढून द्यायचा, स्वतः घालायचा नाही.

"मोज्याला डोळं नसत्यात, मॅडम," तो म्हणायचा.

मॅडम म्हणजे उज्ज्वला. पठारावरच्या आणे गावची मुलगी, पशुधन पर्यवेक्षक म्हणून दोन वर्षांपूर्वी इथं आलेली. वयानं त्याच्या धाकट्या मुलीएवढी. त्यानं तिला "मॅडम" म्हणायचं आणि तिनं त्याला "काका", असं पहिल्या दिवशीच ठरून गेलं होतं.

"तुमच्या हाताला डोळे आहेत, काका, पण त्या डोळ्यांना आता चष्मा लागायची वेळ झालीय," ती म्हणायची. "वर्षभरात रिटायर व्हाल. जाताना हात इथं ठेवून जा."

"ठेवतो की. त्या भांड्यात घालून ठेवा, धुरात."

दोघंही हसायचे.

फेब्रुवारीतला सोमवार होता. डॉक्टरांकडं दुसऱ्याही एका दवाखान्याचा भार होता, त्यामुळं त्या दिवशी ते तिकडं होते. साडेअकराला घोड नदीकाठच्या खालच्या मळ्यातून अमृतचा फोन आला. उज्ज्वला औषधं काढत होती, तिनं फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. अमृत सांगत होता, की गाय दोन दिवस काही खात नाही, लाळ गळते, बटाट्याच्या ढिगात तोंड घातलं होतं, काहीतरी अडकलं असणार. त्याच्या बोलण्यामागं कुणीतरी ओरडत होतं.

"अमृतभाऊ, मागं कोण ओरडतंय?" उज्ज्वलानं विचारलं. "कुणाला लागलंय का?"

"न्हाई मॅडम. गायच हाय ती."

जानकू दारात खराटा धरून उभा होता. त्यानं खराटा भिंतीला टेकवला. तो आवाज त्यानं ऐकला, आणि ऐकला नाही असं ठरवलं.

स्कूटरवरून दोघं निघाले. तोड चालू होती, रस्त्याला उसाच्या पाचटाचा वास होता. मळ्याच्या वळणावर ऊसतोड्यांच्या दोन बैलगाड्या अडून उभ्या होत्या. गाडीवान खाली उतरून बैलांची शेपटी पिळत होता. बैल पुढचे पाय जमिनीत रोवून, नाकपुड्या फुगवून उभे.

"काय राव, रोजचा रस्ता हाय ह्यांचा," गाडीवान त्रासून म्हणाला. "आज काय बघत्यात कुणास ठाऊक. बघा तुमीच, जनावराचं डाक्टर ना तुमी?"

जानकूनं जाताजाता एका बैलाच्या मानेवर हात ठेवला. कातडीखाली सगळं अंग तारेसारखं थरथरत होतं. भर दुपारची वेळ, ऊन डोक्यावर, आणि बैल मळ्याकडं बघत होते.

मळ्यात दोन कुत्री होती. दोन्ही ट्रॉलीखाली पोटाशी पाय घेऊन पडलेली. अनोळखी माणसं आली तरी भुंकली नाहीत. गोठ्यात चार जनावरं गव्हाणीला बांधलेली. चौघांनी दावं ताणून तोंडं भिंतीकडं केली होती आणि एकही रवंथ करत नव्हतं. गोठ्यात इतकी शांतता जानकूनं कधी पाहिली नव्हती. दुपारच्या गोठ्यात रवंथीचा आवाज असतोच. आपल्याला तो एरवी ऐकू येतो हे त्याला तेव्हा कळलं.

पाचवी, हरणी, बाहेर बाभळीला बांधलेली. धोंडाबाईची ही गावरान गाय. धोंडाबाई म्हणजे अमृतची आई, पासष्टीची, हाडानं मोठी, बोलायला सडेतोड. नवऱ्यामागं हा मळा तिनं उभा केला होता. संकरित गाई मुलाच्या, पण हरणी तिची. सकाळी पहिली भाकरी हरणीला, मग घरात.

हरणीनं मान लांब केली आणि आवाज काढला.

गाय हंबरते तेव्हा आवाज पोटातून निघतो, वर चढतो आणि तोंडाशी मिटतो. हा आवाज चढत नव्हता. दरीपलीकडच्या कुणाला दिवसभर हाका मारून घसा गेलेला माणूस पुन्हा हाक मारतो, तसा तो फुटका आणि लांब होता. मधेच श्वास संपावा तसा तुटायचा. मग गाय थांबून जणू उत्तर ऐकायची. आणि पुन्हा तेच.

जानकूच्या मानेवरचे केस उभे राहिले. एकोणसाठ वर्षांचा माणूस, हजारो जनावरं हाताखालून गेलेली. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"कालपास्नं पाणी न्हाई तिच्या पोटात," धोंडाबाई म्हणाली. "बादलीपाशी जाती, तोंड घालती अन् मागं सरती. आटतंय गं माझं लेकरू. जानकू, काढ बाबा काय अडकलंय ते."

"काढतो की, आक्का."

उज्ज्वला दोन पावलं मागं उभी राहून गाईकडं बघत होती. "काका, मला हे बरोबर वाटत नाही. डॉक्टरांना फोन लावते. निदान मोजे तरी घाला."

"बटाटा हाय, मॅडम. बटाट्याला डाक्टर कशाला?"

हे तो तिला सांगत नव्हता, स्वतःला सांगत होता. तो बटाटाच असायला हवा होता. हात आत गेला, बटाटा लागला, की तो आवाज म्हणजे नुसता अडकलेला घसा ठरणार होता. ही भीती मोडायला त्याच्याजवळ दुसरं काही नव्हतं, हातच होता.

अमृतनं शिंगं धरली. धोंडाबाईनं जीभ बाजूला ओढून धरली. तिच्या बोटाला विळ्याचा काप होता, त्यावर चिंधी गुंडाळलेली, ती लाळेनं भिजून गेली. जानकूनं ठोकळा दिला, हात घातला, डोळे मिटले. आत नेहमीपेक्षा गरम होतं. घसा त्याच्या बोटांवर मिटत नव्हता, उघडत नव्हता, ओल्या पोत्यासारखा सैल पडला होता. आणि अगदी मागं, जिभेच्या मुळाशी, बटाटा होता. खरोखरीच होता.

हात बाहेर येताना ठोकळा निसटला. गाईचा दात त्याच्या अंगठ्याच्या मुळाशी घासून गेला. पण तोवर अमृत ओरडला होता, "निघाला! आई, निघाला बघ!"

उज्ज्वलानं सुस्कारा सोडला. धोंडाबाईनं हरणीचं तोंड दोन्ही हातांनी धरून पदरानं पुसलं, तिच्या कपाळाला कपाळ लावलं. चहा झाला. "छत्तीस वर्षं झाली, जानकूचा हात रिकामा येत न्हाई," असं धोंडाबाई तीनदा म्हणाली. जानकू बशीतला चहा फुंकत होता, तेव्हा पाठीमागून पुन्हा तो आवाज आला.

सगळे थांबले.

"घसा सोलवटला आसंल," जानकू म्हणाला. "दोन दिस ऱ्हाईल."

ट्रॉलीखालचं एक कुत्रं उठलं आणि मळ्याबाहेर निघून गेलं.

संध्याकाळी घरी हात धुताना साबण अंगठ्याला चुरचुरला. बारीक ओरखडा होता, मांजराच्या नखाएवढा. चिमाबाईनं, त्याच्या बायकोनं, जेवायला वाढलं आणि ताटाशेजारी पाण्याचा तांब्या ठेवला. जानकूनं तांब्या उचलला, आतल्या पाण्यावर दिवा हलताना दिसला, आणि इतका वेळ मनाच्या दाराशी थोपवून धरलेला भागू आत आला.

भागू त्याचा थोरला भाऊ. जानकू आठ वर्षांचा होता तेव्हा भागू अठराचा. मढच्या वरच्या अंगाला त्यांचं घर. घरात चांद्या नावाचा डांगी बैल होता, काळा-पांढरा, भागूनं वाढवलेला. एका उन्हाळ्यात चांद्या तीन दिवस असाच ओरडला होता. समोरच्या डोंगराला तो आवाज आपटून परत यायचा, तेव्हा पलीकडंही एक बैल आहे असं वाटायचं. भागू त्याला हातानं पेज भरवायचा. चौथ्या दिवशी चांद्या मेला.

दोन महिन्यांनी भागूला ताप आला. मग त्याला वारा सहन होईना. खिडकीला घोंगडी लावली, उजेड बंद केला. पाणी नेऊन द्यायचं काम जानकूचं होतं. भागूचे ओठ तहानेनं फुटलेले, तो हात पुढं करायचा, आणि तांब्या जवळ आला की त्याचा गळा आतून कुणीतरी पिळावा तसा आक्रसायचा. तो पाण्याकडं असा बघायचा, जसं त्यात कुणी उभं आहे. शेवटच्या दिवशी त्या अंधारातून चांद्याचा आवाज आला. जानकू उंबऱ्यात तांब्या धरून उभा होता. आई, अंबाबाई, म्हणाली, "ठेव तो खाली. त्याला दिसंल असा धरू नको." गावानं म्हटलं, बैल पोरात शिरला. त्यानंतर घरात भागूचं नाव कुणी काढलं नाही.

पुढं नोकरीत जानकूला त्या रोगाचं नाव कळलं. पिसाळलेल्या कुत्र्यांच्या कथा तर रोजच्या. पण ते नाव आणि भागू यांना त्यानं वेगवेगळ्या खोल्यांत ठेवलं होतं, मधलं दार कधी उघडलं नव्हतं. आता ते उघडलं. पिसाळलेल्या जनावराला गिळता येत नाही. गिळता येत नाही म्हणून घास घशात राहतो. बटाट्यानं हरणीचा आवाज बिघडला नव्हता. जे काही हरणीत होतं, त्यानं बटाटा तिथं धरून ठेवला होता.

त्यानं तांब्या तोंडाला लावला. पाणी सरळ खाली गेलं. तरीही तो उठला आणि मोरीत जाऊन हात पुन्हा धुऊ लागला. साबणाची वडी अर्धी झाली तरी तो धूतच होता.

"काय लागलंय हाताला?" चिमाबाईनं विचारलं.

"काय न्हाई. वास येतोय."

मंगळवारी सकाळी दवाखाना उघडायच्या आधी त्यानं उज्ज्वलाला ओरखड्याचं आणि आपल्या संशयाचं सगळं सांगितलं. भागूचं सोडून. तिनं त्याचा अंगठा उजेडात धरून पाहिला. मग म्हणाली, "मी म्हटलं होतं ना, काका, मोजे घाला." आणि पाठ फिरवून फोन लावू लागली. तिची पाठ हलत होती.

तिनं अमृतला एकच विचारलं. दीड-दोन महिन्यांत गाईला काही चावलं होतं का?

"चावलं असं न्हाई," अमृत म्हणाला. "एक कोल्हं आलं व्हतं. दिवसाढवळ्या. गव्हाणीत तोंड घालून उभं ऱ्हायलं व्हतं, मॅडम, हाकललं तरी हलंना. आमी हसलो. हरणी त्याला हुंगायला गेली अन् नाकाला जरा ओरबाडलं. उसातली वाघरं परवडली, ती तरी माणसाला बिचकत्यात. ह्ये कोल्हं माझ्याकडं बघत व्हतं, पन बघत न्हवतं."

डॉक्टर तासाभरात आले. हरणीला लांबून पाहिलं आणि कुणीही जवळ जायचं नाही म्हणून दोर आखून दिला. जानकू आणि अमृतला त्यांनी तिथूनच माणसांच्या दवाखान्यात पाठवलं. तिथं जानकूच्या ओरखड्याभोवती एक औषध टोचलं, दंडात दुसरं, आणि पुढच्या तारखा चिठ्ठीवर लिहून दिल्या. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, अठ्ठाविसाव्या दिवशी. "वेळेत आलात, एकही चुकवू नका, काही होत नाही," तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

धोंडाबाई आली नव्हती.

बुधवारी दुपारी हरणी गेली. शेवटचा आवाज तुटला आणि परत आला नाही. त्याबरोबर गोठ्यातल्या चारही गाई एकदम माना वळवून बाहेर बघू लागल्या, असं अमृत सांगत होता. तपासणीसाठी डोक्याचा नमुना डॉक्टरांनी काढून घेतला. खोल खड्डा, चुना, मीठ. दावं जाळलं. कानाच्या बिल्ल्याचा आकडा उज्ज्वलानं मोबाइलवर मृत म्हणून चढवला.

धोंडाबाई तरीही हटून बसली. अमृतचं हातापाया पडून झालं, उज्ज्वलाचं समजावून झालं. तिचं एकच, "कुत्रं पिसाळतं. गाय पिसाळत न्हाई. माझ्या गाईच्या तोंडची लाळ ईष व्हय? मेलेल्या जनावरावर असलं कुभांड घिऊन मी सुई टोचून घ्यायची न्हाई." बांधावरच्या देवीच्या दगडाला ट्रॅक्टर लागला होता, त्याचा हा कोप, असं तिनं ठरवलं होतं. मनगटात काळा दोरा बांधला होता. बोटाची चिंधी तीच होती.

गुरुवारी सकाळी जानकू एकटा गेला. धोंडाबाई रिकाम्या बाभळीखाली बसली होती. गवतावर हरणीच्या खुरांनी केलेला गोल अजून होता, आतली माती पिठासारखी.

"तू बी तेच सांगाय आलास?"

"न्हाई. पाणी द्या, आक्का."

तिनं तांब्या आणून दिला. जानकूनं तो दोन्ही हातांत धरला आणि पाण्याकडं बघत राहिला. वारा नव्हता.

"पी की," धोंडाबाई म्हणाली. "काय बघतोयस?"

"बघतोय, जातंय का न्हाई. सोमवारपास्नं दर येळी बघतो."

आणि मग त्यानं तिला भागूचं सांगितलं. पन्नास वर्षांत चिमाबाईलाही न सांगितलेलं. घोंगडी लावलेली खिडकी सांगितली, फुटलेले ओठ सांगितले, पाण्याकडं बघणारे डोळे सांगितले. शेवटचा आवाज सांगताना तो थांबला. सांगायची गरज नव्हती. तो तिनं तीन दिवस ऐकला होता.

"चांद्या वंगाळ न्हवता, आक्का," तो म्हणाला. "भागूचा त्याच्यावर जीव, त्याचा भागूवर. चांद्यानं काय केलं न्हाई. त्याला बी कुणी तरी दिलं व्हतं. हरणीनं बी काय केलं न्हाई. पन तुमचं बोट तिच्या तोंडात व्हतं. माझा हात व्हता. मी आडमुठ्यागत हात घातला, तुमाला जीभ धराय लावली. माझ्या छत्तीस वर्षांच्या नावाला भुलून तुमी धरली. आता तुमी त्या अंधाऱ्या खोलीत गेलात, तर पाणी घिऊन उंबऱ्यात उभं ऱ्हायला मी येणार न्हाई. माझ्यात ती ताकद न्हाई."

धोंडाबाईनं बोटाची चिंधी सोडली. काप कडेनं पांढरा पडला होता.

"तू पी आधी ते पाणी," ती म्हणाली.

तो प्यायला. तिनं त्याचा गळा खालीवर होताना पाहिला आणि चपला शोधायला उठली.

अशा रीतीनं दोघांच्या तारखा वेगळ्या पडल्या. जानकूची सुई एक दिवस, धोंडाबाईची दोन दिवसांनी. ती एकटी जायला तयार नव्हती, म्हणून जानकू दोन्ही दिवशी जायचा. रांगेत ती त्याची ओळख करून द्यायची, "ह्यो जनावराचा माणूस. आमी दोघं बी जनावराचीच."

आठव्या दिवशी नमुन्याचा अहवाल आला. जे होतं तेच होतं. त्या दिवसापासून जानकूनं खोड्याची ती चकचकीत नळी धरली नाही. काम करायचा, मोजे घालायचा, कोपरापर्यंतचे. एका म्हशीची वार काढताना उज्ज्वलानं पाहिलं, की त्याचा हात थांबत थांबत चालतोय, अंधारात जिने उतरणाऱ्या माणसासारखा.

"डोळे नाहीत ना मोज्याला," ती हळूच म्हणाली.

"सवय व्हईल, मॅडम."

सुया वेळेत घेतल्या म्हणजे भीती नाही, हे त्याला पाठ होतं. हेच तो स्वतः कुत्रं चावलेल्या कितीतरी माणसांना सांगत आला होता. पण ते सगळं डोक्याला कळत होतं, गळ्याला नाही. रोज सकाळी तो तांब्यात बघायचा. भागू वाऱ्यालाही भ्यायचा, म्हणून तो दवाखान्यातल्या पंख्यासमोर तोंड करून उभा राहायचा आणि गळ्याकडं लक्ष द्यायचा.

एकविसाव्या दिवशी, दुपारी, दवाखान्याच्या नळाला ओंजळ लावून तो पाणी पीत होता आणि घोट अडकला. आत काहीतरी मिटलं. पाणी नाकातोंडातून बाहेर आलं. तो भिंतीला धरून उभा राहिला आणि त्याच्या तोंडून एक आवाज निघाला. तो खोकला होता की दुसरं काही, ते त्याचं त्यालाच कळेना. उज्ज्वला धावत आली. खोड्यात बांधलेली कालवड कान ताठ करून त्याच्याकडं बघत होती.

"काका, ठसका लागलाय. नुसता ठसका आहे. माझ्याकडं बघा. पुन्हा प्या."

"नको."

"प्या म्हणते ना."

तिनं स्वतःची बाटली उघडून त्याच्या हातात दिली. निम्मं पाणी शर्टावर गेलं. उरलेलं आत गेलं. कालवडीनं कान पाडले आणि रवंथ सुरू केली. ती रवंथ ऐकत तो बराच वेळ पायरीवर बसून होता.

धोंडाबाईची शेवटची सुई मार्चच्या अखेरीला झाली. परत येताना तिनं त्याला मळ्यात नेलं. तोड होऊन गेली होती. ऊस गेल्यानं मळा एकदम उघडा पडला होता, नदीपर्यंत सगळं दिसत होतं, लपायला कुठं काही नव्हतं. बाभळीखालचा गोल तसाच होता. त्यात गवत आलं नव्हतं.

"पाडी आणायची म्हणतीय," धोंडाबाई म्हणाली. "गावरानच. अमृत म्हणतो, कशाला आता. तुझं काय म्हणणं?"

"आणा की. लस टोचायला मी येतो."

"मोजं घालून?"

"घालून."

"मग हात कसला तुझा तो!" असं म्हणून ती हसली, आणि महिन्यात पहिल्यांदा जानकूही हसला.

तिनं आतून तांब्या आणला. दोघं बाभळीखाली उभे. तिनं तांब्या त्याच्यापुढं केला.

"तुमी आधी, आक्का."

"मला काय झालंय? तू आधी."

"तुमची सुई आज झाली."

तिनं मान वर केली आणि वरून धार सोडली. म्हाताऱ्या गळ्याची कातडी घोटाघोटाला हलली. जानकू ते मोजत होता. सहा घोट झाले. एकही थेंब बाहेर आला नाही. तिनं तोंड पुसून तांब्या त्याच्याकडं दिला.

त्यानं तो तोंडाशी नेला, आणि नदीच्या पलीकडून, उघड्या रानातून, एक हाक आली. लांब आणि एकटी.

दोघंही होते तिथंच थांबले. धोंडाबाईचा हात नकळत मनगटावरच्या काळ्या दोऱ्याकडं गेला.

"सावळारामाची कालवड आसंल ती," ती म्हणाली. "सोडायची येळ झालीय तिची. भुकेजली."

"आसंल," जानकू म्हणाला.

तो पाणी प्यायला, सगळं, तळापर्यंत. पण दुसरी हाक येऊन ती वर चढलेली आणि नीट मिटलेली ऐकेपर्यंत रिकामा तांब्या त्यानं हातातून खाली ठेवला नाही.